अट क्रमांक नऊ

बाह्य बल लागू झाले नाही तर स्थिर वस्तू स्थिर राहते, हे मी मेहकरच्या कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षे शिकवले. मुले 'स्थिर वस्तू स्थिर राहते' एवढे पाठ करीत आणि आधीचा 'तर' विसरून जात. गेल्या ऑक्टोबरात मी डोणगावच्या घरी माझी १९७६ सालची फियाट दहा महिने उभी करून ठेवायला निघालो, तेव्हा तो 'तर' मीही विसरलो होतो. बाह्य बले एकूण चार निघाली: शेजारचे पंजाबराव, त्यांच्या पत्नी पुष्पाबाई, मिस्त्री गोकुळ आणि जिल्ह्याच्या ठिकाणचे एक कार्यालय. पाचवे बल जनकामाय. ते मोजण्याचे उपकरण अद्याप निघालेले नाही.

निमित्त साधे होते. आमची मुलगी अनुपमा ॲडलेडला असते. तिचे दिवस भरत आले होते आणि आई-वडिलांनी नोव्हेंबर ते ऑगस्ट तिकडे राहावे असा तिचा आग्रह होता. धम्मशीलेने, म्हणजे माझ्या पत्नीने, दोन दिवसांत बॅगा भरल्या. माझा प्रश्न गाडीचा होता. दहा महिने गाडी बंद ठेवणे म्हणजे तिला कुलूप लावून निघून जाणे नव्हे. उभ्या गाडीतले पेट्रोल चिकट होते, टायर एका जागी चपटे पडतात, सिलिंडरच्या आतल्या भिंतींना गंज चढतो आणि क्लचची तबकडी चिकटून बसते. या प्रत्येक क्रियेला कारण आहे, आणि ज्या क्रियेला कारण असते ती रोखता येते. एवढ्या एका श्रद्धेवर मी आयुष्य काढले आहे.

मी एकवीस कामांची यादी केली. पेट्रोल काढून घेणे, रेडिएटर कोरडा करणे, बॅटरी उतरवणे, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडणे, क्लचचे पेडल काठीने दाबून ठेवणे, धुराड्याच्या तोंडात बोळा बसवणे आणि शेवटी चारही बाजूंनी बाभळीचे ओंडके देऊन गाडी उचलून ठेवणे, म्हणजे चाके अधांतरी राहतील.

"काऊन सर, गाडी मेली का?" पंजाबरावांनी कुंपणावरून विचारले. पंजाबरावांची सोयाबीनची चाळीस एकर जमीन आहे आणि प्रत्येक विषयावर तेवढ्याच क्षेत्रफळाचे मत आहे.

"नाही. दीर्घकालीन विश्रांतीसाठी तयार करतो आहे."

"मंग ओंडके काऊन लावून राह्यले? आमच्याकडं म्हैस उठत नसली का असंच करतेत."

मी टायरच्या रबरावर सतत पडणारा दाब समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकले आणि ते म्हणाले, "त्यापेक्षा चावी माह्याजोळ द्या. आठ दिसाआड सेल मारत जाईन. घर्रर्र केलं का गाडीले बी बरं वाटते."

हा सल्ला मला त्या आठवड्यात अकरा जणांनी दिला. मी अकराही जणांना सांगितले की पाच मिनिटे चालवलेले इंजिन पुरते तापत नाही, आत पाण्याची वाफ साचते, ती तेलात मिसळते, आणि अशा लाडाने गाडी उपासापेक्षा लवकर मरते. अकराही जण मान हलवून गेले आणि बाहेर जाऊन 'सर चावी देत नाहीत' एवढाच निष्कर्ष त्यांनी गावात पसरवला. माझ्या विवेचनातला एवढाच भाग प्रयोगाने सिद्ध करता येण्यासारखा होता.

उंदरांचा प्रश्न वेगळा. उंदीर वायरी कुरतडतात याबद्दल गावात एकमत होते, उपायाबद्दल नव्हते. डांबरगोळ्या, कडुनिंबाचा पाला, तंबाखूची पाने असे तीन पक्ष होते. मी कोणावरही विश्वास न ठेवता प्रयोग मांडला. चार खोक्यांत सारख्या लांबीची वायर आणि सारखी ज्वारी ठेवली. तिघांत एकेक उपाय, चौथे खोके तुलनेसाठी कोरे. आठ दिवसांनी पाहिले तर डांबरगोळ्यांच्या खोक्यातली वायर संपली होती, पाल्याच्या खोक्यातली ज्वारी संपली होती आणि तंबाखूच्या खोक्यात उंदरीण व्यायली होती. कोऱ्या खोक्याला कोणी तोंडही लावले नव्हते.

"म्हंजे काईच ठेवू नये, असं निघालं ना?" पुष्पाबाईंनी विचारले.

"नमुना लहान होता," मी म्हणालो. विज्ञानात पराभव मान्य करण्याची ही सर्वमान्य पद्धत आहे. पुष्पाबाईंनी त्या दुपारी बंपरला लिंबू-मिरची बांधली. मी सोडली. त्यांनी पुन्हा बांधली. तिसऱ्यांदा मी ती काढून त्यांना नम्रपणे परत केली, तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, उंदरानं तुमचं पुस्तक वाचलं नसलं तर?"

यादीतली अठरा कामे झाली होती आणि गोकुळ मिस्त्री ओंडक्यांचे माप घेत होता, तेव्हा धम्मशीलेने कागदपत्रांची फाईल चाळता चाळता विचारले, "अहो, गाडीची नोंदणी जानेवारीत संपून राह्यली. आपण तर तिकडं असू."

मी ती तारीख विसरलो होतो. एकवीस कलमांच्या यादीत बाविसावे कलम नव्हते, आणि ते बायकोने शोधले होते. दोन्ही गोष्टींचा त्रास साधारण सारखाच झाला.

दुसऱ्या दिवशी मी एस.टी.ने जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयात गेलो. अर्ज नीट लिहिला होता. विषय: वाहन दीर्घकालीन विश्रांतीस ठेवत असल्याने नोंदणी नूतनीकरणास मुदतवाढ मिळणेबाबत. खिडकीतल्या लिपिकाने तो दोनदा वाचला.

"विश्रांती असा रकाना नाही, सर."

"मग कोणते आहेत?"

"चालू. विकली. भंगार. चोरीले गेली."

"यांपैकी काहीच झालेले नाही. गाडी सुस्थितीत आहे. फक्त चालणार नाही."

"मंग चालूत टाका. पन चालू म्हटलं का इथं आणून दाखवा लागते. चालवत." मग आवाज उतरवून तो सहानुभूतीने म्हणाला, "चोरी सोपी असते, सर. गाडी दाखवाच लागत नाई."

म्हणजे गाडी चालवायची नाही, याची नोंद करण्यासाठी ती ऐंशी किलोमीटर चालवत आणणे आवश्यक होते. तर्कशास्त्राच्या पेपरात मी या वाक्याला शून्य दिले असते. खिडकीवर मात्र त्याला शिक्का होता.

परत आल्यावर पंजाबरावांनी लगेच तोडगा काढला. "ट्रॉलीत टाकू. ट्रॅक्टर मोकळाच आहे. तिथं नेऊन उतरवू, दहा फूट चालवून दाखवू."

माझा स्वाभिमान जागा झाला. "पंजाबराव," मी म्हणालो, "एकोणपन्नास वर्षांत ही गाडी दुसऱ्या गाडीत बसलेली नाही. गाडी गाडीत बसत नसते."

हे वाक्य मी जरा मोठ्याने बोललो. कुंपणापलीकडे पुष्पाबाई होत्या, फाटकात गोकुळ होता. वाक्य लक्षात राहील अशी सगळी व्यवस्था झाली होती.

अठरा कामे उलट क्रमाने करण्यात दोन दिवस गेले. सिलिंडरमध्ये सोडलेले तेल सुरुवातीला जळणार आणि धूर निघणार, हे मला माहीत होते. ते मी गोकुळला सांगितले, धम्मशीलेला सांगितले; गावाला सांगण्याचे सुचले नाही. मी सेल मारला. गाडीने एक दीर्घ उसासा टाकला आणि निळसर-पांढऱ्या धुराचा असा लोट सोडला की फाटकाबाहेरचे माणूस आतल्या माणसाला दिसेना. 'आग, आग' असा ओरडा झाला. धूर ओसरला तेव्हा बॉनेट उघडे होते, इंजिनवर पुष्पाबाईंची एक पूर्ण बादली रिकामी झाली होती, आणि त्या दुसरी भरून आणत होत्या.

आठ दिवस मी हवेतली आर्द्रता टक्क्यांत मोजत होतो. ती बादलीत मोजायची वेळ येईल असे वाटले नव्हते.

"आभार माना म्हनलं," पुष्पाबाई धापा टाकत म्हणाल्या. "वाचली गाडी."

मी आभार मानले. नंतर इंजिन फडक्याने पुसायला मला चार तास लागले.

पाहणी मात्र सुरळीत झाली. तपासणाऱ्या साहेबांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, स्टिअरिंगखालचा गिअर स्वतः टाकून पाहिला, गाडीला टेकून स्वतःचे तीन फोटो काढून घेतले आणि पाच वर्षांची मुदत दिली. परत येऊन मी पुन्हा पहिल्या कामापासून सुरुवात केली. आता मला झोप कमी लागे. जेवताना मी उठून बोळा तपासून येई. टायरमधली हवा दिवसातून तीनदा मोजी आणि तीनदा मोजल्याने ती तीनदा थोडी कमी होई.

"माह्या बॅगेचं वजन एकदा तरी करा," धम्मशीला म्हणाली. "विमानात गाडी नाई, मी बसून राह्यली."

जनकामाय आली ती याच दिवसांत. जनकाबाई वयाने पंच्याऐंशीच्या पुढे आहे. आमच्या वस्तीत तिला सगळे माय म्हणतात आणि ती सगळ्यांना नावाने हाक मारते. माझ्या वडिलांनी १९८१ साली ही गाडी जुनी विकत घेतली, वस्तीतली पहिली. त्या वर्षापासून दर चौदा एप्रिलला बाबासाहेबांची तसबीर याच गाडीतून निघते: विहारापासून बाजारचौकातल्या निळ्या झेंड्यापर्यंत. तसबिरीला हार घालायचा मान मायचा. एकाही वर्षी खंड पडलेला नाही. वडील वारल्यावर गाडी मी चालवतो.

ती ओंडक्यांवरच्या गाडीकडे बराच वेळ पाहत राहिली.

"प्रसेनजित, मंग चौदा एप्रिलले?"

"जीप सांगून ठेवली आहे, माय."

"कोनाची?"

"भाड्याची आहे. चांगली आहे. नवी."

गोकुळ गाडीखालून म्हणाला, "सर, एक दिवस काढली तर काई होत नाई. मी जोडून देईन, परत बंद करून देईन."

"एकवीस कामे आहेत, गोकुळ. एखादे राहिले तर मी समुद्रापलीकडे असेन."

"म्हंजे गाडीचं भेव नाई तुमाले. माहं भेव आहे."

यावर मी पुन्हा वाफेची प्रक्रिया सांगितली. ती खरी होती. प्रश्नाचे उत्तर नव्हती. माय काठी टेकत उठली. फाटकात थांबून म्हणाली, "तुह्या बापानं या गाडीची चावी कदी खिशात नाई ठेवली. खुंटीले राहे. ज्याले लागली त्यानं न्यावं."

"म्हणूनच तर तीनदा क्लच गेला होता," मी म्हणालो. ते ऐकायला फाटकात कोणी नव्हते. विधान मात्र अचूक होते.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी सूचनापत्र तयार केले. चौदा अटी, टंकलिखित, प्लास्टिकच्या आवरणात, बॉनेटला बांधलेले. काही उदाहरणादाखल देतो. अट एक: इंजिन कोणत्याही परिस्थितीत सुरू करू नये. चार: चाके जमिनीला टेकू देऊ नयेत. पाच: ओंडके काढू नयेत. सात: गाडी ढकलू नये अथवा ओढू नये. नऊ: आच्छादन काढल्यास गाडी एका तासापेक्षा अधिक काळ उघड्यावर ठेवू नये. अकरा: दारे उघडू नयेत. चौदा: लिंबू-मिरची बांधू नये. खाली सही, तारीख आणि 'निवृत्त अधिव्याख्याता, भौतिकशास्त्र'. अंगणाच्या फाटकाची किल्ली पंजाबरावांकडे दिली. गाडीची चावी मी कोटाच्या आतल्या खिशात घातली आणि ऑस्ट्रेलियाला नेली.

ॲडलेडमध्ये नात झाली. ती उत्तम आहे. पण या लेखाचा विषय ती नाही. मी रोज सकाळी फोनवर डोणगावची आर्द्रता पाहत असे. फेब्रुवारीत ती घसरली, मार्चमध्ये आणखी. गाडीच्या दृष्टीने सर्व काही उत्तम चालले होते, आणि तरी मला एका जागी बसवत नव्हते. कोटाला हात लावून चावी आहे ना हे मी पाहत असे. ती असे. त्याने बरे वाटायला हवे होते.

चौदा एप्रिलला दुपारी दोनच्या सुमारास, म्हणजे डोणगावात सकाळचे दहा, रेणुकाचा व्हिडिओ कॉल आला. रेणुका मायची सून, अंगणवाडीत शिकवते.

"जय भीम, सर. बाबासाहेब निघून राह्यले. पाहा."

फोन हलत होता. आधी निळे झेंडे दिसले, मग ढोल, मग पंजाबरावांचा ट्रॅक्टर. ट्रॅक्टरमागे ट्रॉली होती, धुतलेली, कडेने झेंडूच्या माळा लावलेली. आणि ट्रॉलीत माझी फियाट उभी होती. टपावर तसबीर, तसबिरीला हार. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर जनकामाय, पांढऱ्या पातळात, काठी धरून.

"हे काय आहे?" माझा आवाज चिरका निघाला. "पंजाबराव! गाडीला हात लावायचा नव्हता!"

पंजाबरावांनी ट्रॅक्टरवरून मागे वळून पाहिले. "असं कोन्या नंबरात आहे, सर?"

मी चौदाही अटी मनात मोजून पाहिल्या. तसे कोणत्याच क्रमांकात नव्हते.

"रेणुकानं सारा कागद तीनदा वाचून दाखवला," ते म्हणाले. "एक नंबर, इंजिन सुरू केलं नाई. चार नंबर, चाकं जमिनीले टेकली नाई. पाच नंबर, ओंडके हायेत तसेच. ओंडक्यासकट बावीस माणसानं उचलली. अकरा नंबर, दार उघडलं नाई, म्हून तर माय खुर्चीवर बसली."

"सात!" मी म्हणालो. "ढकलू नये, ओढू नये!"

"ढकलली कोनं? मी तं ट्रॉली वढून राह्यलो. गाडी वाहून राह्यलो."

मी बारकाईने पाहिले. ओंडके जागच्या जागी होते, दोरांनी ट्रॉलीच्या कड्यांना बांधलेले. गोकुळ एका कोपऱ्यात उकिडवा बसून प्रत्येक ओंडक्यावर नजर ठेवून होता. चारही चाके ट्रॉलीच्या तळापासून चार बोटे वर होती. बंपरवर लिंबू-मिरची नव्हती. बॉनेटवर माझे सूचनापत्र लटकत होते. त्यालाही कोणीतरी एक छोटा हार घातला होता. एकतीस वर्षांत माझी कोणतीही सूचना एवढ्या काटेकोरपणे कोणी पाळलेली नव्हती.

"आता तरी गाडी गाडीत बसते ना, सर?" गर्दीतून पुष्पाबाईंचा आवाज आला.

धम्मशीला नातीला खांद्यावर घेऊन माझ्यामागे उभी होती. ती हसली नाही, हे तिचे उपकार.

मिरवणूक बाजाराच्या वळणाला थांबली. पुढे कांद्याचा ट्रक आडवा घातला होता आणि त्याचा ड्रायव्हर सापडत नव्हता. मिनिटे जात होती. मग मी पाहिले, की मायच्या हातात कोणाचे तरी मनगटी घड्याळ होते.

"रेणुके, किती झाले?"

"पन्नास मिनटं, आत्याबाई."

चौक अजून दोन फर्लांग होता. माय पंजाबरावांना म्हणाली, "फिरव मागं."

ढोल बंद पडला. "माय, आलंच आता," पंजाबराव म्हणाले. "दहा-पंधरा मिनटानं काय होते?"

"नऊ नंबर. एक तास. गाडी त्याची आहे. कागद त्याचा आहे. त्याच्या कागदावर गाडी काढली, आता त्याच्याच कागदावर परत न्या लागते. बाबासायबाले मी सांगन, काऊन वापस आलो ते."

ते तिने माझ्याकडे न पाहता सांगितले. तिने पाहिले असते तर मला सोपे गेले असते. मला अट नऊचे शास्त्रीय कारण आठवत होते: धूळ, ऊन, रबराचे भेगाळणे. एका तासाऐवजी सव्वा तास झाल्याने होणारा फरक मोजता येईल असे साधन माझ्याजवळ नव्हते. एक तास ही संख्या मी कशी ठरवली, हेही आठवले: टंकताना ती नीटनेटकी दिसली होती.

"माय," मी म्हणालो. "थांब. फिरवू नका. नऊ क्रमांकाची अट मी मागे घेतो."

माय पहिल्यांदा फोनकडे वळली. डोळे बारीक करून तिने मला शोधले.

"तोंडी?"

"हो, माय."

"तोंडी नाई चालत. तू सही करून गेला होतास. आता बी लेखी दे."

गर्दी हसली, माय हसली नाही. मी कॉल चालू ठेवूनच टंकायला लागलो. ऑस्ट्रेलियातल्या माझ्या बोटांना देवनागरी सापडत नव्हती. ट्रकचा ड्रायव्हर सापडला, ट्रक हलला, वाट मोकळी झाली. तरी ट्रॅक्टर जागेवर उभा होता. सगळे रेणुकाच्या फोनकडे बघत होते. अखेर तिने कागद वाचावा तसे मोठ्याने वाचले:

"विषय: अट क्रमांक नऊ शिथिल करण्याबाबत. वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की गाडी चौकापर्यंत न्यावी. वेळेची मर्यादा नाही. सही, प्रसेनजित."

"हुद्दा?" मायने विचारले.

"हुद्दा नाई लिहिला, आत्याबाई."

"राहू दे," माय म्हणाली आणि घड्याळ ज्याचे त्याला परत दिले. "चाल रे पंजाबा."

ढोल सुरू झाला. ट्रॉली हलली, आणि ट्रॉलीबरोबर गाडी, तिची अधांतरी चाके किंचित झुलत. मी सवयीने कोटाच्या खिशात हात घातला. चावी होती. तिचे तिथे काही काम नव्हते. ती काढून मी दाराजवळच्या खुंटीला लावली, आणि अनुपमाने विचारले, "बाबा, ही कसली किल्ली?" तेव्हा म्हणालो, "ज्याला लागेल त्याने न्यावी."